घराआधी दार : वॉटरफर्ड काउंटीतले पाच दिवस

आमची लेक मुक्ता डब्लिनला नोकरीला लागल्यापासून आम्ही दोनदा तिच्याकडे जाऊन आलो. दोन्ही वेळा समुद्राचे कडे, हिरवी कुरणं आणि मेंढ्या एवढंच पाहणं झालं. या जूनमध्ये मी आधीच बजावलं, मला इमारती बघायच्या आहेत. चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, त्यातली निम्मी जुन्या कचेऱ्या, शाळा आणि डाक बंगल्यांच्या डागडुजीत. नवं बांधण्यापेक्षा जुनं सांभाळण्यातच हात जास्त बसला. ही म्हणाली, “अहो, म्हणजे तिथं जाऊनही तुम्ही भिंतीतली ओल शोधत फिरणार?” शोधली. भरपूर सापडली.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मुक्ताने वॉटरफर्ड निवडलं, कारण डब्लिनहून दोन-अडीच तासांत पोचता येतं, समुद्र आहे, आणि शहरापासून गिरणगावापर्यंत सगळं तासाभराच्या अंतरात आहे.

दिवस पहिला : शहर आणि एकाच माणसाची दोन देवळं

शहर शूर नदीच्या काठावर. स्पेलिंग ‘स’ने सुरू होतं, पण म्हणतात शूर. हिला ते नाव इतकं आवडलं की दिवसभर “आपण शूराच्या काठी आहोत” असं चाललं होतं. नदीचा धक्का जवळजवळ मैलभर सरळ गेलाय. व्हायकिंगांनी ९१४ मध्ये इथे ठाणं वसवलं, म्हणून आयर्लंडमधलं हे सगळ्यात जुनं शहर मानतात. धक्क्याच्या एका टोकाला रेजिनाल्ड्स टॉवर आहे. लांबून पाहिलं तर आपल्याकडच्या एखाद्या गडाचा बुरूज सुटून नदीकाठी येऊन बसल्यासारखा दिसतो. आत जाताना भिंतीची जाडी वावेत मोजायची. वर भिंतीत एक तोफगोळा रुतलेला आहे. १६५० मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेचा वेढा पडला तेव्हाचा, असं सांगतात. या बुरुजात टांकसाळ होती, तुरुंग होता, दारूगोळ्याचं कोठार होतं, आता संग्रहालय आहे. इमारत टिकवायची असेल तर ती रिकामी ठेवायची नाही, हे मी प्रत्येक नव्या ज्युनियर इंजिनिअरला सांगत आलो. इथे कुणीतरी आठशे वर्षं ते पाळलंय.

पण या शहरातला माझा माणूस जॉन रॉबर्ट्स. अठराव्या शतकातलं वॉटरफर्ड बरंचसं त्याच्या हातचं. बिशपचा वाडा मुळात रिचर्ड कॅसल्स नावाच्या जर्मन वंशाच्या वास्तुविशारदाने १७४१ मध्ये आखला (डब्लिनमधलं आजचं संसद भवन, लिन्स्टर हाउस, त्याचंच), पण तो पुरा केला रॉबर्ट्सने. वाडा करड्या दगडाचा, सरळ, शिस्तीचा. मागच्या बाजूला गच्चीची बाग थेट जुन्या तटबंदीला टेकलेली. तिथून दोन पावलांवर त्याचंच क्राइस्ट चर्च कॅथेड्रल, प्रॉटेस्टंट पंथाचं. आणि दहा मिनिटं चालत गेलं की दुकानांच्या गर्दीत त्याचंच होली ट्रिनिटी कॅथेड्रल, कॅथलिकांचं. एका गावात एकमेकांसमोर उभ्या ठाकलेल्या दोन पंथांची दोन मुख्य देवळं, दोन्ही एकाच माणसाची.

क्राइस्ट चर्चच्या जागी आधी मध्ययुगीन चर्च होतं. नॉर्मन सरदार स्ट्राँगबो आणि आयरिश राजकन्या ईफा यांचं लग्न ११७० मध्ये तिथेच लागलं, आणि पुढची साडेसातशे वर्षं, इंग्रजी सत्तेच्या रूपाने, त्या लग्नाची किंमत अख्ख्या देशाने मोजली असं आयरिश माणसं अजून म्हणतात. १७७३ मध्ये ते जुनं चर्च पाडलं. दंतकथा अशी की बिशपचं मन वळेना, म्हणून तो फेरफटका मारायला आला तेव्हा वरून मुद्दाम त्याच्या वाटेत डबर टाकायला लावलं. इमारत धोकादायक आहे हे बिशपला पटलं. मग पाडायला गेले तर ती इतकी भक्कम निघाली की सुरुंग लावावा लागला! ही गोष्ट ऐकून मी इतका मोठ्याने हसलो की बाकीचे पर्यटक बघायला लागले. ‘मोडकळीस आली आहे’ असा शेरा मारलेल्या इमारतीवर तीन जेसीबी कसे दमतात ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पाडताना एक घबाड मात्र हाती लागलं. क्रॉमवेल येतोय म्हणून १६५० मध्ये दडवलेली धर्मगुरूंची जरीची वस्त्रं त्या भिंतींमधून निघाली. इटालियन रेशीम, त्यावर ब्रुज शहरातलं भरतकाम, काळ १४६० च्या आसपासचा. प्रॉटेस्टंट बिशपने ती कॅथलिकांना देऊन टाकली. आता ती शेजारच्या मध्ययुगीन संग्रहालयात अंधाऱ्या काचेआड आहेत. ही तिथून हलेना. पैठणीच्या पदराकडे बघावं तशी ती त्या काठाकडे बघत होती. “टाका बघ, एकही सुटलेला नाही,” एवढंच म्हणाली.

क्राइस्ट चर्चमध्ये जेम्स राइसचं थडगं आहे. हा गृहस्थ पंधराव्या शतकात अकरा वेळा शहराचा महापौर झाला. अशा माणसाच्या थडग्यावर झोकात पहुडलेला पुतळा असायला हवा. इथे दगडात कोरलाय तो सडत चाललेला देह. कफन उघडलेलं, बरगड्या दिसताहेत, त्यातून किडे वळवळताहेत आणि पोटावर चक्क एक बेडूक बसलाय. मी वाकून पाहिलं. बेडकाची पाठ गुळगुळीत झालीय; पाचशे वर्षांत किती लोकांनी हात फिरवला असेल. बाजूला लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा अर्थ साधारण असा: तू आज आहेस तो मी होतो, मी आज आहे तो तू होणार.

होली ट्रिनिटीचं काम १७९३ मध्ये सुरू झालं. त्याआधी शंभर वर्षं कॅथलिकांवर असे कायदे होते की जमीन, नोकरी, शिक्षण सगळ्यात अडवणूक. प्रार्थना गल्लीबोळांत उरकायची. ते कायदे सैल होऊ लागले आणि हे उभं राहिलं. म्हणून ते ऐटीत चौकात नाही, बाजारपेठेच्या रांगेत दुकानाला दुकान लागावं तसं बसलंय. दारातून आत गेलं की मात्र कॉरिंथियन खांबांची रांग, उंच छत आणि वॉटरफर्ड काचेची झुंबरं. बाहेरून या जागेचा अंदाजच येत नाही. रॉबर्ट्स तेव्हा ऐंशीच्या घरात होता. तो १७९६ मध्ये गेला, आणि त्याचीही गोष्ट सांगतात. रोज सहाला कामावर यायचा, एक दिवस चुकून तीनलाच उठून आला, कामगार यायला अवकाश म्हणून ओल्या, अर्धवट इमारतीत बसला, डुलकी लागली, थंडी भरली आणि त्यातच गेला. खरं असो नसो, साइटवरच्या माणसाला शोभेल असं मरण आहे. त्याचा पणतू म्हणजे लॉर्ड रॉबर्ट्स, कानपूरला जन्मलेला, पुढे हिंदुस्थानच्या इंग्रजी फौजेचा सरसेनापती झालेला. पणजोबा देवळं बांधत होता, पणतू काबूल-कंदाहारवर चालून गेला.

मॉल नावाच्या रस्त्यावर ३३ क्रमांकाचं घर आहे. मार्च १८४८ मध्ये टॉमस फ्रान्सिस मार याने आयर्लंडचा तिरंगा पहिल्यांदा तिथे फडकवला. हिरवा-पांढरा-केशरी. आपण क्षणभर गोंधळतो, रंग ओळखीचे पण क्रम उलटा आणि पट्टे उभे.

संध्याकाळ म्हणायची ती फक्त घड्याळापुरती. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. म्हणून अर्ध्या तासावरच्या डनमोर ईस्टला गेलो. रस्त्याकडेला गवताने शाकारलेली बैठी घरं, भिंती पांढऱ्या, छपराची कड भुवईसारखी खिडकीवर उतरलेली. आमच्या लहानपणी दरवर्षी मे महिन्यात गोठा शाकारायचा असे, त्याची आठवण झाली; इथली शाकारणी मात्र नक्षीदार, कण्यावर वेणी घातलेली. खाली बंदर. इंग्लंडहून येणारं टपाल इथे उतरवायचं म्हणून अलेक्झांडर निमो या इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधलं, आणि दीपगृह केलं ग्रीक देवळाच्या खांबासारखं, अंगावर उभ्या खाचा असलेलं. पुढे आगबोटी आल्या, त्या थेट वॉटरफर्डपर्यंत जाऊ लागल्या आणि बंदराचं टपाल गेलं. आता मासेमारीच्या होड्या, आणि समोरच्या कड्यावर समुद्रपक्ष्यांची हजारभर घरटी. त्यांच्या कलकलाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

दिवस दुसरा : शिंपल्यांची खोली आणि कापडाचं छप्पर

न्याहारीला ब्ला. हा वॉटरफर्डचा पाव: मऊ, पांढरा, वरून पिठाची भुकटी. २०१३ पासून त्याला युरोपात भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे दुसरीकडच्या बेकरीने त्याला ब्ला म्हणायचं नाही. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट लोकांनी तो आणला असं सांगतात. मुक्ताने त्यात लोणी आणि बेकन घालून घेतलं. हिने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. एक घास खाल्ला आणि जाहीर केलं, “लादी पाव आहे हो हा.” तेव्हापासून रोज सकाळी सहा ब्ला बांधून घेतले.

करामोर ही लॉर्ड वॉटरफर्डची जहागीर. फाटकातून शिरल्यावर घर दिसायला गाडीने बराच वेळ जावं लागतं. समोर लांबलचक चौक, दोन्ही बाजूंना तबेले, आणि शेवटी जुन्या मनोऱ्याला चिकटवून वाढवलेलं घर. चौक रॉबर्ट्सचाच. मनोऱ्याच्या शेंड्यावर शिंगांमध्ये क्रूस असलेला सांबरासारखा प्राणी, घराण्याचं चिन्ह. भव्य आहे, वाद नाही. पण मला अशा घरांत गुदमरल्यासारखं होतं. प्रत्येक खोलीत पूर्वज भिंतीवरून बघत असतात.

आवारातली शिंपल्यांची खोली मात्र बघण्यासारखी. कॅथरिन पॉवर या इथल्या सरदारणीने १७५४ मध्ये ती स्वतःच्या हाताने सजवली. आत भिंत, छत, कोनाडे, सगळीकडे शिंपले. कवड्या आहेत, शंख आहेत, मोठे गुलाबी शिंपले उघडे लावून त्यांची फुलं केलीत. काम दोनशे एकसष्ट दिवसांत पुरं झालं असं तिच्याच संगमरवरी पुतळ्याच्या हातातल्या गुंडाळीवर कोरलंय. बाहेरची लांबच लांब तबेल्यांची ओळ मी दुसऱ्या दिवशी विसरलो. दोनशे एकसष्ट हा आकडा नाही विसरलो. घरच्या बाईने दिवसांचा हिशेब ठेवला होता.

तिथून पोर्टलॉ जवळच. इथे मी मुक्ताला तासभर पावसात उभं केलं आणि त्याबद्दल माफी मागितलेली नाही.

डेव्हिड माल्कमसन या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्याने १८२५ मध्ये इथे सुताची गिरणी काढली. हजारावर माणसं कामाला. त्यांच्यासाठी गाव वसवलं, तेही आखून: एक चौक, त्यातून पंख्यासारखे फुटलेले रुंद रस्ते, दुतर्फा बैठ्या घरांच्या ओळी. शाळा, दवाखाना, गिरणीच्या दुकानात चालणारी गिरणीची स्वतःची टोकनं. गिरगाव-परळच्या चाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त इथे मजले नाहीत आणि रस्ता ऐसपैस आहे.

पण खरी गंमत छपरात. पोर्टलॉची छपरं उतरती नव्हेत, उथळ कमानीसारखी वाकलेली आहेत. पातळ लाकडी पट्ट्या वाकवून, त्यांच्यात जाळीसारख्या तिरक्या पट्ट्या ठोकून कैच्या तयार केल्या. जड तुळया नकोत, मोठं लाकूड नको. आणि वर पत्रा नाही, कौल नाही, स्लेटही नाही: गिरणीतलंच सुती कापड ताणून बसवलं आणि त्यावर डांबर चढवलं. वजन किती कमी झालं असेल बघा! वजन कमी म्हणून कैची हलकी, कैची हलकी म्हणून भिंत बारीक. एका निर्णयातून सगळ्या घराचा खर्च उतरला. पुढे अशा कैच्या इतरत्रही कारखान्यांवर चढल्या, पण आधी त्या मजुराच्या घरावर होत्या. आज बहुतेक घरांवर दुसरं काहीतरी आलंय, तरी ओळीच्या टोकाला उभं राहिलं की ती वाकलेली रेघ दिसते. एका घराची पन्हळ फुटली होती आणि पाणी थेट भिंतीवरून ओघळत होतं. मी बोट दाखवून सांगत होतो तर आतल्या आजोबांनी पडदा सारला. मी नमस्कार केला. त्यांनी हात हलवला आणि पडदा पुन्हा ओढला.

गिरणी १८७० च्या दशकात बुडाली. तिच्या जागी पुढे चामडं कमावण्याचा कारखाना आला, तोही गेला. मालकांचा मेफील्ड हाउस नावाचा वाडा, उंच मनोऱ्यासकट, छप्पर उडून पडलाय आणि आत झाडं वाढलीत. मजुरांच्या घरांत दिवे लागत होते.

दिवस तिसरा : किलमॅकथॉमस

वॉटरफर्ड ते डन्गार्व्हन जुनी रेल्वेलाइन होती. ती बंद पडली, रूळ निघाले, आणि २०१७ मध्ये त्या मार्गावर सेहेचाळीस किलोमीटरचा सायकलरस्ता खुला झाला. आम्ही मधूनच, किलमॅकथॉमसहून, सायकली घेतल्या. बॅटरीच्या. गावावरून रेल्वेचा आठ कमानींचा दगडी पूल जातो, आणि बॅलिव्हॉयलचा बोगदा चारशे मीटरचा आहे, कडेने नेचे वाढलेले, छतातून पाणी ठिबकणारं. बोगद्यापलीकडे एकदम समुद्र. मला हे सगळं फार आवडलं, पण माझ्या सायकलची साखळी दोनदा उतरली आणि परतताना मुक्ताला पुढे जाऊ देऊन मी बराच वेळ तेलकट हातांनी चाललो, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

ही सायकलवर बसली नाही. शाळा सुटल्यानंतर चालवलीच नाही म्हणाली. ती मागे थांबली, जिथून सायकली घेतल्या त्या आवारात. ते आवार म्हणजे जुनं वर्कहाउस. अनाथ-भिकाऱ्यांचं सरकारी घर असं मराठीत म्हणता येईल, पण ते पुरेसं नाही.

१८३८ च्या कायद्याने आयर्लंडभर अशी घरं बांधायचं ठरलं. जॉर्ज विल्किन्सन नावाच्या तरुण इंग्रज वास्तुविशारदाला काम दिलं आणि त्याने एकाच नमुन्यावर एकशे तीस बांधली. टाइप प्लॅन! एक नकाशा, सगळीकडे तोच. मग १८४५ पासून बटाट्याची पिकं कुजली, दुष्काळात दहा लाखांवर माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि आणखी घरं बांधावी लागली. किलमॅकथॉमसचं त्या दुसऱ्या फेरीतलं, १८५० नंतरचं. करडा दगड, गिलावा नाही, खिडक्या छोट्या आणि उंचावर. व्यावसायिक नजरेने सांगतो, बांधकाम चोख आहे. कोपऱ्याचे दगड सरळ, दरजा भरलेल्या. कंत्राटदाराला बिल कापायला जागा नव्हती.

आम्ही परत आलो तेव्हा ही अंगणात बाकावर बसली होती. समोर कॅफे, सायकलस्वारांची पोरं आइस्क्रीम खात होती. तिने तिथला फलक वाचला होता. म्हणाली, “आत घेताना कुटुंब वेगळं करायचे. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मुलगे, मुली, सगळ्यांची अंगणं वेगळी. मध्ये भिंत.” मग थोडं थांबून, “नकाशा काढणाऱ्याने त्या भिंती काढल्याच असतील ना आधी?”

काढल्याच असणार. मी उभ्या आयुष्यात टाइप प्लॅनच राबवले. चहा घ्यायला मी आत गेलो तेव्हा दार मोजून पाहिलं, सवय. साडेतीन फूट असेल.

मुक्काम डन्गार्व्हनला. ड्यूक ऑफ डेव्हनशायरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखलेला ग्रॅटन स्क्वेअर छान आहे, कंटाळवाणाही आहे. किल्ला पाच वाजता बंद झाला होता.

दिवस चौथा : दारंच दारं

लिझमोरचा किल्ला नदीपलीकडून, पुलावरून बघायचा. खाली काळसर ब्लॅकवॉटर, वर झाडीतून थेट कड्यावर उठलेले बुरूज. पहिला किल्ला ११८५ मधला. नंतर इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेकडे आला, त्याच्याकडून रिचर्ड बॉइलने घेतला. वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम सांगणारा रॉबर्ट बॉइल त्याचा मुलगा, तो १६२७ मध्ये इथेच जन्मला. मुक्ताला अकरावीचं पाठांतर आठवलं. आज आपण जे बघतो ते मात्र बरंचसं १८५० च्या दशकातलं, आणि ते जोसेफ पॅक्स्टनने केलेलं. लंडनमध्ये लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारून जगाला चकित करणारा हाच माणूस. त्याने इथे आपल्या मालकासाठी, ड्यूक ऑफ डेव्हनशायरसाठी, मध्ययुग उभं केलं. किल्ल्यात घरमालक राहतात, आपल्याला फक्त बाग आणि कलादालन. बागेत वीस मिनिटं, मग निघालो.

मला उत्सुकता होती ती गावाबाहेरच्या जंगलातल्या बॅलिसॅगर्टमोरची. पायवाट, बीचची झाडं, खाली ओढा. वळणावर एकदम दगडी कमान, दोन्ही बाजूंना मनोरे, जंग्या, नक्षीच्या खिडक्या. आपण किल्ल्याच्या दारात आलो असं वाटतं. कमानीतून जावं तर पुढे पुन्हा जंगल. आणखी चालल्यावर ओढ्यावर पूल, त्याच्या दोन्ही टोकांना आणखी मोठे मनोरे, जणू दोन छोटे किल्ले. पूल ओलांडला. पुढे काहीच नाही.

इथला जमीनदार आर्थर कीली-अशर. त्याच्या भावाने स्ट्रॅन्कॅली इथे किल्लेवजा वाडा बांधला, तेव्हा याच्या बायकोने हट्ट धरला की आपला त्याहून मोठा हवा. १८३० च्या दशकात काम सुरू झालं ते फाटकापासून. फाटक झालं, पूल झाला, मनोरे झाले आणि पैसे संपले. वाडा उभा राहिलाच नाही. नवरा-बायको आहे त्या साध्या घरातच राहिली. इथपर्यंत हसू येतं. पण हाच माणूस दुष्काळात कुळांना घरांतून हाकलण्यासाठी भागात बदनाम होता. फाटकाच्या दगडावर पैसा कुठून आला असेल याचा अंदाज मग बांधता येतो.

ही कमानीत उभी राहून म्हणाली, “वास्तुशांत करायला घरच नाही. नुसतं दारालाच तोरण.”

दुपारी ड्रोमाना. हे शोधताना आम्ही दोनदा चुकलो. रस्ता इतका अरुंद की दोन्ही बाजूंची झुडपं गाडीच्या आरशांना घासत होती. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा मुक्ताला दोनशे मीटर मागे जावं लागलं आणि ती मराठीत जे बोलली ते इथे देत नाही. मग फिनिस्क नावाची लहानशी नदी, तिच्यावर पूल, आणि पुलाच्या टोकाला, आयर्लंडच्या ओल्या झाडीत, कांद्याच्या आकाराचा हिरवा घुमट.

अक्षरशः. घुमट, बाजूला सडसडीत मिनार, वर टोकदार होत जाणाऱ्या कमानींच्या खिडक्या. याला हिंदू-गॉथिक शैली म्हणतात. हिंदू त्यात काही सापडलं नाही; असलंच तर मुघल, तेही इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्याला बघून केलेलं, म्हणजे नकलेची नक्कल. मुंबईत आपण उलटं बघतो. व्ही.टी. स्टेशनवर गॉथिक आलं आणि आपण त्याला आपलं म्हणू लागलो. इथे आपला घुमट आला, आणि फिनिस्कच्या काठी त्याला बघायला त्या दिवशी आम्ही तिघंच.

हकिकत अशी. १८२६ मध्ये ड्रोमानाच्या हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्टचं लग्न झालं. नवरानवरी घरी येताना स्वागताला कुळांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्याचं तात्पुरतं दार उभारलं, आपल्याकडे वरातीला मांडवाची कमान घालतात तसं. जोडप्याला ते इतकं आवडलं की पुढे पक्कं बांधून घेतलं. मार्टिन डे या वास्तुविशारदाचे त्याचे नकाशे १८४९ मधले आहेत.

पण त्याच १८२६ मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. काउंटीची निवडणूक. कॅथलिकांना मत होतं, पण संसदेत बसायचा हक्क नव्हता. आणि मतदान उघड, त्यामुळे कुळांनी जमीनदार सांगेल त्याला मत द्यायचं हे ठरलेलं. काउंटीवर वजन बेरेसफर्ड घराण्याचं, म्हणजे परवा आम्ही ज्यांच्या चौकातून चालत गेलो त्या करामोरवाल्यांचं. त्यांच्याविरुद्ध व्हिलियर्स-स्टुअर्ट उभा राहिला. स्वतः प्रॉटेस्टंट, पण कॅथलिकांना हक्क द्यावेत म्हणणारा. कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल, त्याची माणसं गावोगाव फिरली, आणि कुळांनी जमीनदाराच्या तोंडावर उलटं मत दिलं. बेरेसफर्ड हरले. तीन वर्षांनी कॅथलिकांना संसदेचं दार उघडलं. त्याच वर्षी मतदानासाठी लागणारी मिळकतीची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली, आणि ज्या कुळांनी हे घडवलं त्यांचंच मत गेलं. हे वाचलं तेव्हा मी रस्त्याकडेला गाडीच्या बॉनेटवर ब्ला खात होतो. घास तसाच राहिला.

ड्रोमानाच्या घराचा मोठा भाग १९६० च्या दशकात पाडून टाकला, सांभाळणं परवडेना. त्याच सुमारास मोडायला आलेलं हे दार मात्र जुन्या इमारती सांभाळणाऱ्या आयरिश जॉर्जियन सोसायटीने दुरुस्त करून वाचवलं. गिलाव्याला तडे आहेत, खालच्या बाजूने ओल वर चढलीय, नदीवरच्या कामाला ती चढणारच. मी तळव्याने भिंत चाचपली. मुक्ताने फोटो काढला आणि जावयाला पाठवला: ‘बाबांना ओल सापडली.’

दिवस पाचवा : आर्डमोर

परतीचा दिवस, म्हणून थोडक्यात. समुद्रावर टेकडी, टेकडीवर संत डेक्लनचं ठाणं. छप्पर नसलेलं बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून कोनाड्यांच्या ओळी आणि त्यांत आदम-हव्वा, सॉलोमनचा न्याय, झिजून नुसत्या गोलसर आकृत्या उरलेल्या. शेजारी गोल मनोरा, तीस मीटर उंच, वर जाताना निमुळता, अंगाभोवती दगडाचे पट्टे, शेंड्याला शंकूसारखी टोपी. साडेआठशे वर्षांच्या मनोऱ्याचा ओळंबा मी नुसत्या डोळ्यांनी तपासला. ठीक आहे.

दार जमिनीपासून चार मीटर वर. शिडी लावून चढायचे आणि शिडी आत ओढून घ्यायचे असं एक म्हणणं. पायात भोक पाडलं तर इतका उंच मनोरा कमजोर होईल म्हणून वर ठेवलं असं दुसरं. माझं मत दुसऱ्याला. ही म्हणाली, दोन्ही असेल.

सव्वाअकराला पाऊस आला. आडोसा कुठेच नाही. मनोऱ्याचं दार आमच्या डोक्यावर आणि चर्चला छप्पर नाही. आत भिंतीला पाठ लावून एका छत्रीखाली तिघं उभे राहिलो. ब्लाची शेवटची पुडी होती, चटणी संपत आली होती. हिने डबीच्या तळाला बोट फिरवून ती तिन्ही पावांना सारखी लावली.